दोष कुणाचा आणि देणे कुणाचे?

दिवाळी अंकासाठी काही तरी हलकेफुलके लिहा, असा संपादकमहाशयांचा निरोप दर वर्षी श्रावणात येतो आणि दर वर्षी मी तो इमानाने पाळतो. मृत्युपत्रात पोपटाला ठेवलेला वाटा, सामाईक विहिरीत पडलेली म्हैस, असल्या गोष्टींचा कोर्टात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ तोटा नसतो. यंदा मात्र निरोप मोडतो आहे. एक फाईल तीन महिने माझ्या टेबलावर पडून होती. ती जिची होती तिच्याकडे परत गेली, तरी माझ्या मनातून उतरत नाही. संबंधितांची परवानगी घेतली आहे; नावे मात्र सांगणार नाही.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. ॲस्ट्राझेनेका कंपनीने विलायतेतल्या एका खटल्यात कागदोपत्री असे मान्य केले की, तिच्या कोरोनाच्या लशीने अत्यंत क्वचित प्रसंगी रक्तात गुठळ्या होण्याचा विकार होऊ शकतो. बातमी वर्तमानपत्रांत आली. तीच लस आपल्या पुण्यात कोव्हिशिल्ड या नावाने बनलेली. मग काय विचारता! आमच्या सोसायटीच्या जिन्यात जो तो तीन वर्षांपूर्वी टोचलेला दंड चाचपून पाहू लागला. अशाच एका संध्याकाळी मागच्या इमारतीतला एक तरुण बायकोला घेऊन आला. तो बँकेत नोकरीला, ती शाळेत शिक्षिका होती, मुलीच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. तिच्या मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. याच्या हातात फाईल.

"वकीलकाका, दावा लावायचा आहे," तो म्हणाला.

"कुणावर?"

"ते तुम्ही सांगायचे."

वाचकहो, माझ्या धंद्यात माणसे येतात ती कुणावर हे पक्के ठरवून येतात. कशाबद्दल, ते आम्ही शोधून द्यायचे असते. इथे उलटे होते. कशाबद्दल, हे फाईलीच्या पानापानावर लिहिलेले होते.

त्यांची थोरली मुलगी २०२० च्या जानेवारीत जन्मली. बाळाला पाच रोगांवरची एकत्र लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यायची असते. पण त्या वर्षी सगळे जग कुलूपबंद. तिसरा डोस लांबत लांबत सहाव्या महिन्यात पडला. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात, फुकट. त्याच रात्री मुलीला ताप चढला आणि झटके आले. अर्धा तास थांबेनात. पुढे प्रत्येक तापात झटके, मग तापावाचूनही झटके. मुलगी चार वर्षांची झाली. चालताना तोल जातो, बोलते ते दहाबारा शब्द. बँकेतला माणूस, त्याने खर्चाचे रकाने पाडून ठेवले होते. औषधे, तपासण्या, व्यायाम करवून घेणाऱ्या बाई, रात्रीबेरात्रीच्या रिक्षा. अखेरच्या रकान्यात बायकोचा बुडालेला पगारही होता. तो त्याने पेन्सिलीने लिहिला होता.

आमच्या सौ. चहा घेऊन आल्या, मांडीवरच्या बाळाशी दोन शब्द बोलल्या आणि सहज म्हणाल्या, "याचे डोस चाललेत ना वेळेवर?"

मुलीची आई खाली बघू लागली. उत्तर त्याने दिले. "जन्मताना इस्पितळात दिले तेवढेच, काकू. पुढचे नाही. एकदा पोळले ते पुरे."

मी फाईल ठेवून घेतली.

आठ दिवसांनी त्याला बोलावले आणि कायदा जसा आहे तसा सांगितला. नर्सबाईवर हलगर्जीपणाचा दावा? तिने डोस बरोबर दिला, सुई नवी वापरली, ताप येईल म्हणून औषधही दिले. हलगर्जी कुठली दाखवणार? ग्राहक न्यायालय? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले खरे, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार होतो ती सेवा त्यातून वगळली. म्हणजे पैसे मोजून टोचून घेतले असते तर निदान दार ठोठावता आले असते! कंपनीवर? त्यासाठी कुठल्या कारखान्याची, कुठल्या बॅचची लस, हे ठाऊक हवे. कार्डावर नुसती तारीख होती. (आपल्या घरात लहान मूल असेल तर हे एवढे करा : डोस देताना कुपीवरचा बॅच क्रमांक कार्डावर लिहून मागा, आणि नंतर काही विपरीत झाले तर दवाखान्यात त्याची लेखी नोंद करवून घ्या. अशा घटना तपासण्यासाठी सरकारच्या समित्या आहेत. पण जी घटना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही ती त्यांनी काय तपासावी? या मुलीची नोंद कुणी केली नव्हती, आणि आईबापांना ती करायची असते हे ठाऊक नव्हते.) राहता राहिले सरकार. तर २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने कोरोनाच्या लशीपायी मुली गमावलेल्या आईबापांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले होते : लस ऐच्छिक आहे, दुष्परिणामाची जबाबदारी सरकारवर येत नाही, ज्याला भरपाई हवी त्याने दिवाणी न्यायालयात जावे.

"मग जाऊ दिवाणीत," तो म्हणाला. "मुदत गेली का?"

मुदत गेली नव्हती. अज्ञान मुलाच्या बाबतीत मुदतीचा कायदा उदार आहे. तो मूल सज्ञान होईपर्यंत थांबतो. खरी अडचण पुढे होती. लशीनंतर झाले आणि लशीमुळे झाले, या दोन वाक्यांमधली दरी तिथे पुराव्याने बुजवावी लागते. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे, आणि आजीबाईंनी त्याचेच कावळा बसायला आणि फांदी मोडायला केले. पहिल्या वर्षात प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा काही ना काही टोचले जाते. मेंदूचे कित्येक उपजत विकार नेमके याच महिन्यांत पहिल्यांदा डोके वर काढतात. लाखो फांद्या, लाखो कावळे. काहींची गाठ पडणारच.

हे ऐकून तो चिडला. "म्हणजे लशीने कधी कुणाला काही होतच नाही, असे म्हणा ना!"

तसे मी म्हणणार नव्हतो, कारण ते खोटे आहे. मुंबईतल्या परळचीच हकीकत घ्या. प्लेगची लस तिथल्या हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेत बनत असे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी त्या लशीने १०७ जणांना टोचले आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. चौकशी बसली, प्रयोगशाळेवर ठपका आला, हाफकिनसाहेबांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली परळला नासली की गावात उघडताना? बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आले. साहेब निर्दोष ठरले ते १९०७ साली. आज त्यांच्या नावाने ती संस्था उभी आहे, आणि ते रास्तच आहे. पण पाहा, पाच वर्षे सगळी मोठमोठी डोकी एकाच प्रश्नावर शिणत होती : दोष कुणाचा?

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९५५ च्या एप्रिलात साल्कसाहेबांची पोलिओची लस निघाली. कॅलिफोर्नियातल्या कटर नावाच्या कंपनीच्या काही साठ्यांत विषाणू पुरता मेलाच नव्हता. ज्या रोगापासून वाचायचे तोच सुईतून अंगात गेला. सुमारे दोनशे मुलांना कमीअधिक पक्षाघात झाला, दहा जण दगावले. एका मुलीच्या आईबापांनी दावा लावला. १९५८ साली ज्यूरीने निकाल दिला तो आम्हा वकिलांच्या घोकंपट्टीत असतो : कंपनीने हलगर्जीपणा केलेला नाही, तरीही भरपाई कंपनीनेच द्यावी, कारण माल सुरक्षित आहे ही हमी विक्रीतच गृहीत असते. दोष नाही, पण देणे आहे! हे दोन शब्द एकमेकांपासून सोडवायला माणसाला किती काळ लागला!

आणि तोंडाने द्यायचा पोलिओचा डोस? त्याने आपल्या देशातून पोलिओ हाकलला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. पण त्या डोसातला दुबळा केलेला विषाणू लाखांतल्या एखाद्याला, खरे तर वीस-पंचवीस लाखांतल्या एखाद्याला, पांगळे करीत असे. हे डॉक्टर लोक दडवीत नसत. पुस्तकातच लिहिलेले होते. त्या एखाद्याच्या घरी मात्र तो लाखांतला नसतो.

याच जागी मला माझी स्वतःची वकिली आठवते. माझी उमेद मोटार अपघातांचे दावे चालवण्यात गेली. सुरुवातीच्या वर्षांत विधवा बाई समोर उभी असे आणि आम्ही तासन्‌तास भांडत असू की ट्रकवाला वेगात होता की नवरा मध्येच धावला. मग १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली : चूक कुणाची हे न पाहता मृत्यूला १५,००० रुपये आधी द्या, बाकी भांडण सावकाश करा. रक्कम तुटपुंजी होती, पण पहिला धनादेश नेताना एका बाईने मला विचारले होते, "म्हणजे त्यांची चूक नव्हती हे ठरलं का?" मी म्हटले, ते काहीच ठरले नाही, पैसे मात्र घेऊन जा. १ एप्रिल २०२२ पासून तीच रक्कम पाच लाख झाली आहे. त्याच्याही फार आधी, १९२३ साली, कामगार भरपाईचा कायदा आला. गिरणीत पट्ट्यात हात गेला तर मालकाचा दोष शोधत बसायचे नाही. काम मालकाचे, तेव्हा भरपाईही मालकाची. म्हणजे हे तत्त्व आपल्याला परके नाही. यंत्राला लागू केले, मोटारीला लागू केले. नव्या औषधाचा प्रयोग ज्याच्यावर होतो त्यालाही इजेबद्दल भरपाई मिळते. २०१९ च्या नियमांत तशी तरतूद आहे. प्रयोग संपून तेच औषध गावोगाव गेले की मात्र त्या आईबापांना मे २०२४ मध्ये मी दाखवू शकेन असे एकही दार आपल्याकडे नव्हते.

इतरांनी दारे केली. पश्चिम जर्मनीने १९६१ च्या साथरोग कायद्यात. ब्रिटनने १९७९ साली. तेव्हा १०,००० पौंड, २००७ पासून १,२०,००० पौंड. तिथे अट अशी की अपंगत्व शंभरात निदान साठ हवे. एकोणसाठवाल्याने काय करायचे, हे कायदा सांगत नाही. कोरोनाच्या लशीने गुठळ्या होऊन गेलेल्यांच्या काही कुटुंबांना त्याच योजनेतून पैसे मिळाले.

अमेरिकेतली तऱ्हा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथे १९८० च्या सुमारास डांग्या खोकल्याच्या लशीवर दाव्यांची अशी रीघ लागली की कंपन्या एकेक करून धंदा सोडू लागल्या, लस मिळेना. तेव्हा १९८६ साली कायदा झाला आणि १९८८ पासून एक निधी सुरू झाला. प्रत्येक डोसावर, तो जितक्या रोगांपासून वाचवतो त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर. इजा झालेल्याने आधी कंपनीवर नव्हे, या निधीवर अर्ज करायचा. कुठल्या लशीनंतर किती वेळात काय झाले तर ते लशीमुळेच धरायचे, याचा तक्ताच आहे. तक्त्यात बसले तर पुराव्याची ओढाताण वाचते. मृत्यूला अडीच लाख डॉलर. जगलेल्याला जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च. आणि वकिलाची फी निधीतून, दावा हरला तरी, फक्त तो प्रामाणिक आणि साधार असावा. (हे वाक्य मी सौ.ना दोनदा वाचून दाखवले.) २००६ नंतरच्या काळाचा तिथला हिशेब असा, की दहा लाख डोसांमागे साधारण एकाला भरपाई मिळते. त्यातही निम्म्याहून अधिक प्रकरणे तडजोडीने मिटतात, लशीनेच झाले असा निष्कर्ष न काढता. या निधीने लशीवरचा लोकांचा विश्वास बुडाला, असे झालेले नाही. घरातला कर्ता माणूस झालेला खर्च निमूट देतो तेव्हा त्याची पत जात नाही. नाकारतो तेव्हा जाते.

माझ्या डाव्या दंडावर देवीचे दोन व्रण आहेत. लहानपणी देवी काढणारा गृहस्थ पिशवीतून फिरकीसारखे हत्यार काढी आणि आम्ही पोरे माळ्यावर लपत असू. १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला. माझ्या नातवंडांच्या दंडावर ते व्रण नाहीत, कारण माझ्या दंडावर आहेत. एवढा मोठा लाभ सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि त्यातली क्वचित येणारी हानी ज्याच्या दारात पडेल त्याने एकट्याने उचलायची, ही वाटणी मला तरी कुठल्या न्यायाने पटत नाही.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. खरे म्हणजे मलाच दाव्याचा मोह झाला होता. म्हातारा वकील, नवा प्रश्न. हायकोर्टात रिट घालावे, नाव व्हावे, असे मनात आले नाही असे म्हणणार नाही. पण दावा घालायचा तर आधी आजाराचे नाव हवे. फाईलीत सगळीकडे 'झटके' एवढेच. म्हणून मी त्यांना लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवले, पुरावा गोळा करायला.

बाईंनी हकीकत ऐकून रक्ताची जनुक तपासणी सांगितली. महिन्याने अहवाल आला. ड्राव्हे नावाचा विकार. मेंदूच्या पेशीत सोडियमची ये-जा करणाऱ्या दाराचा जो आराखडा जनुकात असतो, त्यातच मुळात चूक. या विकाराचा पहिला झटका बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, तापात येतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता : लशीने मेंदू बिघडला असे मानलेल्या चौदा रुग्णांचे जनुक तपासले, तर अकरांत हीच चूक निघाली. लशीच्या तापाने पहिला झटका थोडा अलीकडे ओढला असेल. आजार तिने आणलेला नव्हता. अमेरिकेच्या त्या उदार निधीपुढेही अशी प्रकरणे गेली आणि दावे फेटाळले गेले. २०१२ साली वरच्या न्यायालयाने ते निकाल कायम केले.

दावा संपला होता. तरी त्या अहवालाने एक गोष्ट हाती दिली. मुलीला चार वर्षे झटक्यांवर जे एक नेहमीचे औषध चालू होते, ते याच विकारात झटके वाढवते. बाईंनी ते बेताबेताने बंद करून दुसरे सुरू केले. झटके गेले नाहीत, पण आठवड्याला चार येत ते महिन्याला दोनवर आले.

अहवाल घेऊन दोघे आले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग आता मी भांडू कुणाशी?"

त्याच्याजवळ खर्चाचे रकाने तसेच होते. अहवालाने त्यातला एक रुपयाही कमी झाला नव्हता. मी माझ्या परीने जेवढे कायद्यात होते तेवढे काढून दिले. मुलीचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव, वर्षाला लाखापर्यंतचा औषधोपचार, प्राप्तिकरातली सूट. बँकेतल्या माणसाला ही सूट ठाऊक नव्हती, याचे मला नवल वाटले. झटक्यांशी झगडणाऱ्याला फॉर्म भरायला वेळ कुठला, असे सौ. म्हणाल्या.

निघताना तिने पहिल्यांदा तोंड उघडले. नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. "त्या दिवशी हे म्हणाले होते, सोमवारी जाऊ, हिला जरा सर्दी आहे. शनिवारी मीच नेली. आधीच लांबला होता डोस, म्हणून. चार वर्षे मला वाटत होतं, सोमवारी नेली असती तर..."

"मी कधी बोललो का तुला त्यावरून?" तो म्हणाला.

"नाही. कधीच नाही बोललात."

सौ. तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी चष्मा पुसला.

तिने जनुकाचा अहवाल हातात घेतला, पुन्हा वाचला; त्यात आईबापांच्या रक्ताचाही उल्लेख होता. दोघांतही ती चूक नव्हती; मुलीत ती नव्यानेच उपजली होती. धाकट्यात ती असण्याचा संभव फार थोडा, त्याच्या लशी आता सुरू करा, असे बाईंनी खाली हाताने लिहिले होते. तिने फाईल बंद केली, नाडी बांधली आणि ती नवऱ्याच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत घातली.

"काका, बुधवारी दवाखान्यात लसीचा दिवस असतो," ती म्हणाली. "तुम्ही याल बरोबर? ह्यांना बँकेतून निघता येणार नाही."

बुधवारी मी गेलो. बाहेरच्या बाकावर पंधरावीस बाया मुले घेऊन बसल्या होत्या. दूध, पावडर आणि फिनेलचा वास. आमचा नंबर सतरावा होता. बाराव्या नंबरला बँकेतले गृहस्थ घामाघूम होऊन आले आणि काही न बोलता बाळाला तिच्याकडून घेऊन बसले. आत नर्सबाईंनी कार्ड मागितले, कुपी हातात घेतली.

"ताई," ती म्हणाली, "त्यावरचा बॅच नंबर कार्डावर लिहाल का?"

नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि चष्मा सारखा करून अंक लिहायला घेतले.